‘पेड पार्टनरशिप’ लिहिलं म्हणजे गुंतवणुकीचा सल्ला खरा का?

समजा, नाशिकच्या गोदाघाटावर उभा राहून एखादा क्रिएटर रीलमध्ये सांगतोय, ‘या ॲपवर खातं उघडा, हा शेअर घ्या.’ खाली रेफरल लिंकही आहे. पैसे लावण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे सांगण्यासाठी त्याला काही मिळालंय का? आणि हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे का?

पैसे घेतले असतील तर?

जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ‘ॲस्की’च्या जून २०२१पासूनच्या नियमांनुसार अशा पोस्टवर जाहिरातीचं लेबल हवं. रोख रक्कमच नाही, तर फुकट वस्तू किंवा सहल मिळाली असेल तरीही. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसायला हवं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं लेबल चालत नाही.

जाहिरात दिशाभूल करणारी निघाली, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तीच चूक पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

लेबल लावलं की झालं?

नाही. लेबलमुळे फक्त व्यवहार कळतो, सल्ल्याचा परवाना मिळत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये ‘ॲस्की’ने नियम कडक केले: गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याकडे ‘सेबी’ची नोंदणी हवी आणि तो क्रमांक ठळक दिसायला हवा. २०२४मध्ये ‘सेबी’ने ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा नोंदणीकृत संस्थांना विनानोंदणी सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. शेअर बाजार ‘शिकवायला’ मोकळीक आहे. पण जानेवारी २०२५च्या परिपत्रकाने शिकवताना आधीच्या तीन महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली होती.

हेतू लपवला की काय होतं?

जुलै २०२२मध्ये दोन यूट्यूब चॅनेल्सवर ‘साधना ब्रॉडकास्ट’ कंपनीबद्दल खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले. पैसे देऊन त्यांचा प्रसार झाला. छोट्या गुंतवणूकदारांनी शेअर घेतले आणि आतल्या मंडळींनी चढ्या भावात विकले. मे २०२५मध्ये ‘सेबी’ने ५९ जणांवर कारवाई केली.

तुम्ही काय तपासाल?

- सुरुवातीलाच जाहिरातीचं लेबल आहे का?
- नोंदणी क्रमांक आहे का? गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने, रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. ‘सेबी’च्या वेबसाइटवर तो पडताळा.
- ठरावीक परताव्याची हमी दिली आहे का? मग तिथेच थांबा.

फसवी जाहिरात दिसली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. स्क्रीनशॉट मात्र आधी काढून ठेवा. रील कधीही डिलीट होऊ शकते.