दिंडीचा नाद आणि मनाची दुखणी

मंडळींनी आम्हांला स्मरणिकेसाठी दिंडीचा इतिहास लिहायला सांगितला. मुक्काम, अन्नदाते, पंच, जमाखर्च हे सगळे दुसऱ्या पानांवर आलेच आहे. आम्ही वीणा-टाळ-मृदंगाचे सांगतो. शंभर वर्षांत या नादाने गावातली किती माणसे सावरली याची नोंद कुठल्या वहीत नाही, ती म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि तोंडचे माणसाबरोबर जाते.

आधी थोडे मागचे. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी. ते सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. गावाकडे येताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून कोंडून घातले, तिथे त्यांनी हरिपाठ धरला आणि एकवीस दिवसांनी सुटका झाली, अशी कथा संप्रदायात सांगतात. आम्हीही कीर्तनात सांगतो, आणि सांगताना श्रोत्यांना विचारतो की बाबांनो, पहिले वीस दिवस दार बंदच होते, त्या वीस दिवसांत हरिपाठाने काय दिले? आमचे उत्तर असे की श्वास ठिकाणावर ठेवला. भ्यालेल्या माणसाचा श्वास वर-वर चालतो. चालीवर चरण म्हणायचा तर पोटापासून दम घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. भीती असते, पण तिला बसायला जागा राहत नाही. त्याच हैबतबाबांची पायरी आज आळंदीच्या महाद्वारात आहे आणि माउलींच्या आधी माणूस तिथे डोके टेकतो.

आपली दिंडी निघाली ती मानमोडीनंतर. १९१८ साली ती तापाची साथ आली. एका घरातून दोन-दोन माणसे गेली, मढे उचलायला खांदे पुरले नाहीत, असे आमची आजी सांगे. त्यानंतर काही वर्षांनी जे सात-आठ जण पायी निघाले त्यांतल्या बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी गेलेले होते. नवस फेडायला कोणी निघाले नव्हते. रात्री घरात बसवत नाही म्हणून ती माणसे देवळात भजनाला बसू लागली, आणि भजनाची दिंडी झाली.

पहिली वीणा कोणाच्या गळ्यात घालायची हा प्रश्न आला तेव्हा गळा चांगला कोणाचा हे पाहिले नाही. बायको आणि दोन लेकरे गेलेला एक माणूस होता, कोणाशी बोलत नसे. वीणा त्याला दिली. वीणेचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. चालू भजनात ती खाली ठेवायची नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचे, मग मोकळे व्हायचे. म्हणजे ज्याच्याकडे वीणा त्याला उभे राहावेच लागते. वीणेचा भोपळा अंगाला लागून असतो, तारा छेडल्या की बरगडीत घुमते. कानाने ऐकण्याच्या आधी ते हाडाला कळते. तो माणूस पंढरपूरपर्यंत उभा राहिला, पुढे कितीतरी वर्षे आपल्या दिंडीचा वीणेकरी होता. तेव्हापासून आपल्याकडे रीत पडली की ज्याच्या घरी दुःख झाले त्याला त्या वर्षी निदान एका टप्प्याला वीणा द्यायची.

मृदंगाचेही तसेच. शाईच्या पुडीचा बोल कानात वाजतो, पण धुमेच्या अंगाला कणीक लावलेली असते, तिचा बोल पोटात वाजतो. कणीक कमी पडली की नाद उथळ होतो आणि फार झाली की बसतो, म्हणून मृदंगी ती बोटाने पुन्हा पुन्हा चाचपतो. आपल्या दिंडीत एक जन्माचा बहिरा वारकरी होता. मुक्कामाच्या भजनात तो मृदंगाला खेटून बसायचा, खोडावर तळवा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरायचा. कधी चुकला नाही. बोलत्या माणसांत तो एकटा पडे, भजनात पडला नाही.

नादाइतकेच न वाजण्याचेही महत्त्व आहे. माउलींच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळे शांत. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवीत राहायचे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तो टाळही थांबतो. गाऱ्हाणे आधी वाजवून दाखवायचे आणि मग बोलायचे. शिवीगाळ नाही की हाणामारी नाही. सगळा तळ गप्प असताना एकटाच टाळ वाजत असला की त्याकडे दुर्लक्ष करताच येत नाही. ही तोड ज्याने काढली त्याला माणसाचे मन फार कळले होते.

आता एक स्पष्ट सांगतो, कारण हल्ली काही कीर्तनात भलतेच ऐकू येते. टाळाने रोग जात नाही. वारीत पटकीने माणसे मेली ती भजन करणारीच होती. पटकी हटली ती शुद्ध पाण्याने आणि टोचणीने. साखर वाढली, छातीत दुखले तर आधी दवाखाना. भजनाने मन सावरते, आणि सावरलेला माणूस गोळी वेळेवर घेतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. तेवढे पुष्कळ आहे.

७२ च्या दुष्काळात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. दिवसभर खडी फोडून हाताला फोड आलेली माणसे रात्री त्याच हातात टाळ घेत. पोटात सुकडी, अंगात त्राण नाही, तरी घेत. आणि २०२० ला करोनात वारी पायी निघाली नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा गावात ज्याने-त्याने आपापल्या ओट्यावर उभे राहून टाळ धरला. वरच्या आळीचा ठेका खालच्या आळीला मागे-पुढे ऐकू यायचा. एक ताल काही जमला नाही. पण कोणाच्या ओट्यावरून टाळ आला नाही हे लगेच कळे आणि माणूस चौकशीला जाई.

आता अलीकडचे. गावातला एक तरुण शेतकरी कर्जापायी जीव देऊन गेला. त्याची बायको पुढच्या वर्षी डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालली. रीतीप्रमाणे वीणा तिलाही द्यायला हवी होती. काही मंडळी म्हणाली, आपल्याकडे बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नाही. आम्ही म्हणालो, मुक्ताई, जनाई, बहिणाबाई कोणाच्या? आणि रीत दुःखाची आहे की मिशीची? दोन मुक्काम वाद चालला. शेवटी वीणेकऱ्यांनीच फलटणच्या पुढे आपल्या गळ्यातली वीणा काढून तिच्या गळ्यात घातली आणि तिच्या पाया पडले. वाद मिटला असे नाही. अजून दोघे-तिघे आमच्याशी नीट बोलत नाहीत.

यंदाच्या सप्ताहात वीणेच्या पहाऱ्याची यादी देवळात लावली आहे. रात्री दोन ते चार तिचे नाव आहे. ती वेळ तिने स्वतः मागून घेतली, कारण त्या वेळी तिला झोप येत नाही.