गिरणी, आयकर आणि तीन भागांचा अर्ज

अमेरिकेत एखादी जुनी गिरणी, थिएटर किंवा गोदाम वाचवायचं असेल तर मोर्चे निघतात, सह्यांच्या मोहिमा चालतात, स्थानिक वर्तमानपत्रांत पत्रं येतात. पण शेवटी इमारत उभी राहते ती बऱ्याचदा आयकराच्या कायद्यातल्या एका कलमामुळे. तिथल्या एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात मी काही काळ हेच काम करत होते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटचे अर्ज तयार करायचे. खिडक्या मोजायच्या, फोटोंना क्रमांक द्यायचे, तो फोटो कुठे उभं राहून काढला याचा बाण नकाशावर काढायचा. वरवर पाहता सगळी कारकुनी. पण हा अर्ज कुठून आला ते वाचायला लागले आणि त्याचा धागा थेट मुंबईच्या गिरणगावापर्यंत पोचला.

पाडणाऱ्याला बक्षीस

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शहरांत पाडापाडीची लाट आली. हायवेसाठी, पार्किंगसाठी, ‘नगर-नूतनीकरणा’च्या नावाखाली वस्त्याच्या वस्त्या गेल्या. १९१० साली उघडलेलं न्यूयॉर्कचं भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३पासून पाडायला घेतलं, तेव्हा कुठे लोकांना धक्का बसला. १९६६मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि ‘नॅशनल रजिस्टर’ नावाची यादी सुरू झाली.

यादीत नाव आलं की इमारत वाचली, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं, आजही नाही. मालक स्वतःच्या पैशाने इमारत पाडत असेल, तर नुसती ही यादी त्याला अडवू शकत नाही. आणि त्या काळी पाडणं फायद्याचंही होतं. जुनी इमारत पाडण्याचा खर्च करातून वजा करता यायचा. त्या जागी नवी बांधली, तर तिच्यावर सुरुवातीच्या वर्षांत भरघोस घसारा दाखवता यायचा. जुनी दुरुस्त करणाऱ्याला मात्र खास काहीच नाही. म्हणजे एका हाताने सरकार इमारतींची यादी करत होतं आणि दुसऱ्या हाताने पाडणाऱ्याच्या खर्चातला वाटा उचलत होतं.

हे उलटं गणित १९७६च्या कर-सुधारणा कायद्याने सुलटं केलं. ऐतिहासिक इमारत पाडण्याच्या खर्चाची वजावट बंद झाली, त्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीचा जलद घसाराही गेला. उलट दुरुस्तीचा खर्च पाच वर्षांत वजा करण्याची मुभा मिळाली. १९७८मध्ये त्याच्या जोडीला क्रेडिट आलं.

वजावट आणि क्रेडिट यांतला फरक इथे कळायला हवा. वजावट उत्पन्नातून होते, त्यामुळे शंभर रुपयांच्या वजावटीवर हातात वाचतात वीस-तीस रुपये. क्रेडिट थेट भरायच्या करातून जातं. शंभरचं क्रेडिट म्हणजे शंभर रुपये कमी भरायचे.

१९८१मध्ये ऐतिहासिक इमारतींसाठी हे क्रेडिट खर्चाच्या २५ टक्के झालं आणि लोक अक्षरशः तुटून पडले. १९८६मध्ये ते २० टक्क्यांवर आलं. श्रीमंत व्यक्तींनी इतर उत्पन्नावरचा कर वाचवायला अशा प्रकल्पांत पैसे गुंतवायचे, ती वाटही त्याच कायद्याने बरीच अरुंद केली आणि अर्जांची संख्या झपाट्याने घसरली. २०१७च्या बदलानंतर दर २० टक्केच राहिला, पण रक्कम एकदम न मिळता पाच वर्षांत सारख्या हप्त्यांनी मिळू लागली. आजवर ४५ हजारांहून जास्त प्रकल्प या वाटेने झाले आणि त्यांत १०० अब्ज डॉलर्सपेक्षा जास्त खासगी पैसा आला.

भाग एक, दोन, तीन

अर्जाचे तीन भाग असतात. पहिल्यात सिद्ध करायचं की इमारत ऐतिहासिक आहे. ती स्वतंत्रपणे यादीत असेल तर हे काम आधीच झालेलं असतं. एखाद्या ऐतिहासिक परिसराचा भाग असेल, तर त्या परिसराच्या गोष्टीत तिची जागा काय हे सांगावं लागतं. दुसऱ्यात आज काय आहे आणि तुम्ही काय करणार, हे एकेका घटकाचं नाव घेऊन लिहायचं: विटांची भिंत, लाकडी तुळया, जिना, छत, खिडक्या. तिसरा भाग काम संपल्यावर जातो. पुन्हा फोटो, शक्यतो आधीच्याच कोनांतून. अर्ज आधी राज्याच्या जतन कार्यालयाकडे जातो, मग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. पैशांचा हिशेब पाहतं आयकर खातं.

कसोटीला दहा मानकं आहेत आणि ती वाचायला साधी आहेत. जुनं शक्यतो दुरुस्त करा, बदलू नका. मूळ इमारतीत नसलेला इतिहास तिच्यावर चिकटवू नका. नंतरच्या काळात झालेल्या बदलांनाही मोल असू शकतं, ते सरसकट उपटू नका. नवीन जे जोडाल ते जुन्याशी जुळणारं हवं, पण जुनं असल्याचं सोंग करणारं नको. वाळूचा मारा करून विटा चकचकीत करू नका, कारण त्याने विटेचा भाजलेला वरचा थरच निघून जातो.

गिरण्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घासाघीस होते ती मोकळ्या जागेवरून. गिरणीचा मजला म्हणजे खांबांच्या रांगा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळा हॉल. बिल्डरला तिथे घरं काढायची असतात. मग भिंती कुठे घालायच्या, छताची उंची कुठे झाकली जाते, खिडकीच्या मधोमध भिंत येतेय का, यावर पत्रापत्री चालते. त्या दिवसांत मी खिडक्यांबद्दल जितकं लिहिलं, तितकं आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल लिहिलं नसेल.

पैशांचं गणितही पाहू. समजा, कुणी इमारत ३० लाख डॉलर्सना घेतली आणि त्यातली १० लाख जमिनीची किंमत. राहिले २० लाख. आता साधारणपणे २४ महिन्यांच्या आत दुरुस्तीवर २० लाखांहून जास्त खर्च झाला, तरच क्रेडिट. रंगरंगोटी करून अर्ज टाकता येत नाही. २५ लाख खर्च केले तर ५ लाख क्रेडिट, वर्षाला एक लाख याप्रमाणे. काम झाल्यावर पाच वर्षांच्या आत इमारत विकली, तर क्रेडिटचा काही भाग परत द्यावा लागतो. आणि इमारत उत्पन्न देणारी हवी: दुकान, ऑफिस, भाड्याची घरं. स्वतःच्या राहत्या जुन्या घराची कौलं जिवापाड जपणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला या केंद्रीय योजनेत एक डॉलरही मिळत नाही.

लॉवेलचा कापूस

या कायद्याचा परिणाम बघायला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलसारखं गाव नाही. १८२०च्या दशकात मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी कालवे खणून हे गिरण्यांचं शहर आखलं गेलं. शेतकऱ्यांच्या मुली इथे कामाला आल्या, कंपनीच्या बोर्डिंगांत राहिल्या, आणि १८३४ व १८३६मध्ये त्यांनी संपही केले. गिरणीत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा. इथे विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा दक्षिणेत त्याच गुलामांच्या अंगावर जायचं. तिथे त्या कापडाला ‘लॉवेल’ असंच म्हणत.

१८६१मध्ये यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला आणि लॉवेलच्या अनेक गिरण्या बंद पडल्या. त्याच वेळी इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्लंडला हवा असलेला कापूस आता हिंदुस्थानातून जात होता. शेअरबाजाराला वेड लागलं आणि युद्ध संपताच १८६५मध्ये फुगा फुटला. पण बंदर, पैसा आणि व्यापाराची घडी मागे उरली. मुंबईची पहिली गिरणी १८५०च्या दशकातली. युद्धानंतरच्या दशकांत परळ-लालबाग भोंग्यांनी भरून गेलं.

विसाव्या शतकात लॉवेलच्या गिरण्या दक्षिणेतल्या स्वस्त मजुरीपुढे टिकल्या नाहीत. १९५०च्या दशकापर्यंत बहुतेक थंडावल्या, काही पाडल्या गेल्या. १९७८मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आज बूट कॉटन मिल्समध्ये संग्रहालय आहे. तिथे माग खरोखर चालवून दाखवतात आणि आवाजासाठी कानात घालायला बोळे देतात. आजूबाजूच्या अनेक गिरण्यांत टॅक्स क्रेडिटच्या आधाराने घरं झाली. ऍपलटन मिल्स तर जवळजवळ भग्नावस्थेत होती. तिथे ऐतिहासिक इमारतींचं क्रेडिट आणि परवडणाऱ्या घरांचं क्रेडिट एकत्र करून २०११मध्ये कलाकारांसाठी कमी भाड्याची घरं उभी राहिली. ते दुसरं क्रेडिटही १९८६च्याच कायद्यातलं.

मला यात सगळंच गोड दिसत नाही. क्रेडिटचा फायदा घ्यायला आधी मोठा कर भरावा लागत असला पाहिजे. तो नसेल तर बँकेला किंवा कंपनीला भागीदार करून घ्यायचं, आणि त्यात वकील-हिशेबनीसांचा खर्च इतका की लहान इमारतीचा मालक आधीच माघार घेतो. शिवाय जिथे दुसऱ्या क्रेडिटची जोड नाही, तिथे विटा वाचतात पण भाडं चढतं. तुळई जपायला मानक आहे, भाडेकरू जपायला नाही.

आणि गिरणगाव

मुंबईत १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या मरत गेल्या आणि उरली जमीन. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमाने त्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. जिथे गिरणीची इमारत उभी होती ती जमीन, इमारत पाडली तरी, वाटणीबाहेर. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मालकांची बाजू टिकली.

हे वाचताना मला १९७६च्या आधीची अमेरिका आठवते. गिरणीची शेड राखण्यात मालकाला काय मिळणार होतं? काही नाही. पाडण्यात सगळंच.

मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीने मालकाला एक मोबदला दिला: न वापरता आलेला बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून विकण्याचा. ही कल्पनाही न्यूयॉर्कचीच, ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या वादात गाजलेली. पण त्यात हिशेब होतो तो गमावलेल्या चटईक्षेत्राचा. टॅक्स क्रेडिटमध्ये आधी खर्च करा, नीट दुरुस्त करा, फोटो दाखवा, मग पैसे.

अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा आणावा, असं मी म्हणत नाही. परळच्या जमिनीच्या भावापुढे दुरुस्तीच्या खर्चाचे २० टक्के म्हणजे चहापाण्याचे पैसे. पण आपल्याकडे वारशाची चर्चा होते ती प्रेमाच्या आणि उदासीनतेच्या भाषेत: लोकांना किंमत नाही, मालकांना आस्था नाही. लॉवेलच्या मालकांना तरी कुठे आस्था होती? त्यांनी हिशेब केला आणि राखणं परवडतंय असं दिसलं, एवढंच. आपल्याकडेही मालकांनी हिशेबच केला. तो हिशेब कसा सुटेल, हे १९९१ आणि २००१मध्ये नियम लिहिणाऱ्यांनी ठरवलं होतं.

गिरणगावातल्या मॉलच्या आवारात आज एखादी चिमणी उभी दिसते. खाली खाण्याची दुकानं आणि सेल्फी घेणारी मंडळी. अर्जाच्या पहिल्या भागात या जागेचं महत्त्व लिहायला सांगितलं असतं, तर तिथे पाळ्या, भोंगे, खानावळी चालवणाऱ्या बायका, चाळी आणि संप हे सगळं लिहून काढावं लागलं असतं. मग दुसऱ्या भागात मालकाला सांगावं लागलं असतं की यातलं काय काय तो राखणार आहे.