बांध सरकारचा, तळं माझं

शेततळं मंजूर झालं का, पैसे जमा झाले का, हे आपल्या सोलापूर जिल्ह्यात आता पाऊसपाण्याइतकं सहज विचारलं जातं. पण माती-पाणी धरायला सरकारनं शेतकऱ्याच्या रानात पैसा घालायला सुरुवात केली, त्याला 80 वर्षं उलटून गेलीत. तो इतिहास पाहिला की आज काय हुकतंय ते कळतं.

1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. दुष्काळी पट्ट्यात समपातळी बांध घालायचे, खर्चाचा काही वाटा सरकारचा, बाकी शेतकऱ्याकडून वसूल. आखणी करणारा उतार बघायचा, कुणाचं रान कुठं संपतं ते बघायचा नाही. बांध थेट वावराच्या मधून जायचा. औत फिरवताना कोपरे राहायचे, भारी काळ्या जमिनीत वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळं पडायचं. कित्येकांनी असे बांध नांगरून टाकले आणि आपापल्या हद्दीवर घातले. लोकांना अडाणी म्हटलं गेलं. खरं तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

1972 च्या दुष्काळात हीच कामं रोजगार हमीत आली. नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. सरकारचा पैसा मजुरीच्या रूपानं गावात फिरला. 1983 मध्ये सर्वंकष पाणलोट कार्यक्रम आला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळा उतार एकत्र धरायचा, हा त्यातला विचार मला आजही सर्वात शहाणा वाटतो.

वळण आलं 1990 च्या सुमारास. रोजगार हमीतून फळबागेला अनुदान सुरू झालं. डाळिंब, बोर, आंबा लागला, माळरानाला पैसा दिसला. फायदा झालाच, पण अनुदान शिवारावरून सातबाऱ्यावर आलं.

2016 ची योजना तर नावातच सांगते: मागेल त्याला शेततळे. अनुदान 50,000 रुपयांपर्यंत, 2022 ला ते 75,000 झालं. मूळ कल्पना अशी की वाहून जाणारा पाऊस अडवायचा आणि खंड पडला की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. पण पाणी आत यायला वाटच नसलेलं तळंही योजनेत बसतं. मग ते भरतं कशानं? विहिरीनं, बोअरनं. खाली प्लास्टिकचा कागद, वर ऊन. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं, मुरत नाही आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जातं. शेजारच्या कोरडवाहूवाल्याची विहीर आधी आटते.

तळं करणाऱ्याला मी दोष देत नाही. लाखो रुपये घालून बाग उभी केलेला माणूस दुसरं काय करणार? दोष पैसा देताना न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. 1942 च्या बांधानं शेतकऱ्याची हद्द बघितली नाही, आजचं तळं गावाचा उतार बघत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी मागा. गावात अनुदानाची तळी किती, आणि त्यातली पावसानं किती भरतात, बोअरनं किती? पैसा आपलाच आहे आणि पाणीही आपलंच. विचारायला लाजायचं कारण नाही.