सराव प्रश्नांचे कुलूप : एका परीक्षेचा इतिहास



स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा असे संपादक मंडळींनी सांगितले, तेव्हा लेण्यांवर किंवा लढायांवर लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र एका परीक्षेचा इतिहास घेतला आहे. आपल्या अभ्यासिकेत हल्ली पदवीधर मुले-मुली एक जाडजूड पुस्तक पुढ्यात घेऊन बसतात. एम. एस. किंवा पीएच. डी. साठी अमेरिकेला जायचे तर पुष्कळ ठिकाणी ‘जीआरई’ नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिच्या सराव प्रश्नांचे ते पुस्तक. पोरं घड्याळ लावून प्रश्न सोडवतात, मागे उत्तरे ताडून बघतात, आणि दहातले सहा चुकले की म्हणतात, “आपलं डोकंच तेवढं नाही.” हे ‘डोकं तेवढं नाही’ प्रकरण आले कुठून, ते शोधायला आम्ही बसलो. आम्ही साचेखात्यात आयुष्य काढलेली माणसे, शिक्षण बेताचे. पण वाचायला कुणी मनाई केलेली नाही.

गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली. फौजेत भरती झालेल्यांची बुद्धी मोजायची म्हणून रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुमारे 17 लाख लोकांना चाचणी परीक्षा दिली गेली. बुद्धीच्या नावाखाली काय विचारले होते ? अमुक नावाचे दुकानी तूप म्हणजे औषध, दंतमंजन की खाण्याचा पदार्थ ? तमुक माणूस बेसबॉल खेळाडू की लेखक ? आता जो बोटीतून उतरून नुकताच त्या देशात आला, किंवा दक्षिणेत कापसाच्या शेतात राबला, त्याला हे कुठून ठाऊक असणार ? उद्या कुणी आमची बुद्धी मोजायला जिमखान्यातल्या टेनिसचे नियम विचारावेत, त्यातलाच हा प्रकार. पण उत्तर आले नाही की शिक्का बसला : मंदबुद्धी.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल ब्रिगहॅम यांनी याच आकड्यांवर 1923 साली पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातल्या गोऱ्यांचा वंश बुद्धीने श्रेष्ठ, बाकीचे खालचे, अशी उतरंड मांडली. उतरंड हा शब्द वाचकांना नवा नाही. आपल्याकडे ती पोथीच्या आधाराने उभी केली होती, तिकडे आकडेमोडीच्या. या ब्रिगहॅम यांनीच 1926 साली कॉलेज प्रवेशाची ‘सॅट’ परीक्षा तयार केली. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. 1930 साली त्यांनी आपले वंशाबद्दलचे निष्कर्ष निराधार होते असे छापून जाहीर केले. आपल्याकडच्या पोथीवाल्यांपैकी किती जणांनी असे केले, ते वाचकांनी आठवून पाहावे.

पदवीनंतरच्या प्रवेशासाठीची परीक्षा त्यानंतर आली. कार्नेगी फाउंडेशनच्या मदतीने 1936-37 मध्ये चार विद्यापीठांनी प्रयोग म्हणून ती सुरू केली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया. कोलंबिया म्हणजे तेच, जिथे बाबासाहेब 1913 साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेले आणि 1915 साली एम. ए. झाले. बाबासाहेब गेले तेव्हा ही परीक्षा जन्मालाच आली नव्हती. 1907 साली मॅट्रिकला त्यांना 750 पैकी 282 गुण होते. हा आकडा आम्ही मुद्दाम देतो. आपल्या घरात पोराला साठ टक्के पडले म्हणून रडारड होते, त्या घरात तो ठळक अक्षरात लावून ठेवावा. त्या 282 गुणांनंतर पाचच वर्षांनी, 1912 साली, बाबासाहेब बी. ए. झाले होते.

1947 च्या डिसेंबरात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था निघाली आणि 1948 पासून जीआरई तिच्या ताब्यात गेली. खरी कुलूपबंदी इथून सुरू झाली. प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर परत घेतली जाई. कोणता प्रश्न बरोबर, कोणता चुकला, हे मुलाला कळत नसे, फक्त गुणांचा आकडा घरी येई. कारण काय दिले जाई ? की ही उपजत कुवतीची मोजणी आहे, तयारी करून तिच्यात फरक पडत नाही, मग सरावाला जुने प्रश्न हवेत कशाला ? तयारीचा उपयोग नाही म्हणायचे, आणि तयारीचे साधन कपाटात ठेवायचे. ज्यांच्या आजोबांना अक्षर ऐकायची बंदी होती, त्यांना हा डाव समजावून सांगावा लागत नाही.

हे कुलूप पहिल्यांदा खिळखिळे केले स्टॅनले कॅपलन यांनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका प्लंबरचा हा मुलगा, जन्म 1919. डॉक्टर व्हायचे होते, गुण उत्तम होते, पण वैद्यकीय कॉलेजांनी घेतले नाही. आपण ज्यू आणि त्यात सरकारी कॉलेजातले म्हणून नाकारले गेलो, असे त्यांचे म्हणणे होते. 1938 साली त्यांनी घराच्या तळघरात शिकवणी सुरू केली आणि 1946 पासून सॅटची तयारी करून घेऊ लागले. जुनी प्रश्नपत्रिका मिळेना, म्हणून परीक्षा संपली की ते मुलांना खाऊ घालीत आणि सांगत, प्रत्येकाने आठवेल तो एक प्रश्न सांगायचा. शंभर पोरांच्या आठवणीतून सरावाची वही तयार झाली. परीक्षा घेणारे म्हणत राहिले की हा पैशाचा अपव्यय आहे. शेवटी सरकारच्या व्यापार आयोगाने चौकशी केली, आणि 1979 साली निघाले काय, तर शिकवणीने गुण वाढू शकतात. म्हणजे जे मोजले जात होते, ते सगळे जन्माने मिळालेले नव्हते.

अर्थात यात दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. कॅपलन यांची शिकवणी फुकट नव्हती. ज्याच्या बापाकडे फी, त्याच्याकडे प्रश्न, असे झाले. आज आपल्याकडचे क्लासवाले लाखांच्या भाषेत बोलतात, ते याच वाटेने आलेले आहेत.

म्हणून 1979 चा न्यूयॉर्क राज्याचा कायदा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. केनेथ लाव्हॅल या राज्य सिनेटरनी तो आणला. 1 जानेवारी 1980 पासून तो लागू झाला, आणि कॉलेज व पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षा घेणाऱ्यांना झालेले प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरे उघड करणे भाग पडले. मागणारा विद्यार्थी आपली स्वतःची उत्तरेही बघू शकत होता. परीक्षावाल्यांनी जोरदार विरोध केला. वैद्यकीय कॉलेजांची संघटना तर कोर्टात गेली आणि आपल्या परीक्षेपुरती मनाई मिळवून आली.

प्रश्न उजेडात येऊ लागल्यावर काय झाले, त्याचा नमुना 1981 सालचा आहे. ती जीआरई नव्हती, शाळकरी मुलांची परीक्षा होती, पण प्रश्न काढणारी संस्था तीच. प्रश्न असा : एका पिरॅमिडचा तळ चौकोनी आणि बाजू चार त्रिकोणी. दुसऱ्याची तळासकट चारही पृष्ठे त्रिकोणी. सगळे त्रिकोण एकाच मापाचे, समभुज. एकाचा त्रिकोण दुसऱ्याच्या त्रिकोणावर तंतोतंत चिकटवला, तर बाहेर किती पृष्ठे राहतील ? संस्थेचे उत्तर 7. पाच आणि चार नऊ, चिकटलेली दोन वजा. फ्लोरिडातल्या 17 वर्षांच्या एका मुलाचे उत्तर 5 होते. चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारची पृष्ठे एका सपाटीत येतात आणि दोघांचे एकच पृष्ठ होते, हे त्याने पिरॅमिड करून दाखवले. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेली चूक संस्थेला मान्य करावी लागली आणि सुमारे 2 लाख 40 हजार मुलांचे गुण वाढले. वहीचा पुठ्ठा आणि खळ घेऊन घरी करून पाहा, पंधरा मिनिटांचे काम आहे.

पुढचा भाग थोडक्यात. नंतर जीआरई संगणकावर आली. 1994 च्या अखेरीस कॅपलन यांनी स्थापलेल्या, पण तोवर विकलेल्या कंपनीने आपली माणसे परीक्षेला बसवून प्रश्न पाठ करून आणले, त्यावरून कोर्टबाजी झाली. 2011 साली परीक्षेचे रूप बदलले. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या गेल्या, त्यामुळे साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी घोकण्याचे महत्त्वही उतरले. फुटपाथवर स्वस्तात मिळणारे पुस्तक 2011 च्या आधीचे असेल तर घेऊ नका. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आणखी आखूड झाली आहे. एक निबंध 30 मिनिटांचा, भाषेचे 27 प्रश्न, गणिताचे 27, एकूण 1 तास 58 मिनिटे. 2020 नंतर अनेक विद्यापीठांच्या विभागांनी ती मागणेच सोडले, तेव्हा फी भरण्याआधी आपल्याला हव्या त्या विभागाला ती लागते का, हे बघावे.

गणितात एक ‘तुलना’ नावाचा प्रकार असतो, त्यावर पोरं हमखास आपटतात. दोन रकाने दिलेले, कोणता मोठा ते सांगायचे, नाहीतर दोन्ही सारखे, नाहीतर सांगता येत नाही. आम्ही रचलेला एक : मजुरी आधी 20 टक्के कापली, मग कापलेल्या मजुरीवर 20 टक्के वाढ दिली. ‘अ’ मूळची मजुरी, ‘ब’ आताची. शिकलेली पोरं पटकन म्हणतात, सारखी. गिरणीतला माणूस म्हणतो, शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीवर सोळा वाढले, शहाण्णव. चार रुपये मालकाच्या खिशात. उत्तर ‘अ’.

आणखी दोन गोष्टी आई-बापांनीही ध्यानात ठेवाव्यात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आणि पहिला भाग चांगला गेला की दुसरा भाग मशीन आपोआप अवघड देते. दुसऱ्या भागात घाम फुटला तर पोराने घाबरायचे कारण नाही, पहिला बरा गेल्याची ती खूण असते. तयारीने फरक पडत नाही म्हणणारी तीच संस्था आज दोन पूर्ण सराव परीक्षा संगणकावर फुकट देते. त्यातली एक अगदी सुरुवातीला सोडवावी, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधीपर्यंत राखून ठेवावी. मधल्या काळात चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करावी, आणि प्रत्येकाखाली चूक कशाने झाली ते लिहावे : गणित आले नाही, इंग्रजी कळले नाही, की घाई झाली. अभ्यासिकेच्या कपाटात अशा कोऱ्या वह्या ठेवलेल्या आहेत, रविवारी वंदना झाल्यावर मागून घ्याव्यात.

जय भीम.