लाहोरच्या तुरुंगातून मुंबईच्या महापौरपदी

मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत हरवलेला एक रस्ता आहे. युसूफ मेहेरअली मार्ग हे त्याचे नाव. हे गृहस्थ कोण, असे आपल्या घरातील विद्यार्थ्यांना एकदा विचारून पाहा. उत्तर क्वचितच मिळेल, म्हणून हा लेखप्रपंच.

मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईतील एका सधन व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते कायद्याकडे वळले. परंतु चळवळीतील सहभागामुळे त्यांना वकिलीची सनदच नाकारण्यात आली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा हा श्रीमंताघरचा मुलगा साथीदारांसह हमालाच्या वेषात तेथे हजर होता! ‘सायमन, गो बॅक’ ही घोषणा त्यांचीच मानली जाते. पुढे १९३० चा मिठाचा सत्याग्रह, १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना, आणि अधूनमधून कारावास.

१९४२ साली महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हाही ते लाहोरच्या तुरुंगात होते. तेथून सुटून आले आणि वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी निवडून आले. तोवर इतका तरुण महापौर मुंबईने पाहिला नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८८ च्या कायद्याने पालिकेच्या कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती होती. महापौर हा सभेचा अध्यक्ष आणि नगरीचा प्रथम नागरिक. मान मोठा, अधिकार थोडा. पण ज्याला सरकारने कैदेत ठेवले, त्यालाच नगरीने आपला प्रथम नागरिक केले, हे उत्तर सरकारला पुरेसे बोचणारे होते. त्यातच ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्दही मेहेरअलींनीच सुचविले, असे सांगितले जाते. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी महापौर पुन्हा गजाआड! पद वर्षाचे, खुर्चीत बसणे जेमतेम चार महिन्यांचे.

१९४३ साली तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने सेंट जॉर्ज रुग्णालयात उपचारांची तयारी दाखविली. आणखी दोन आजारी कैद्यांनाही हीच सवलत द्या, असे मेहेरअली म्हणाले. सरकारने ते मानले नाही, म्हणून त्यांनीही नकार दिला. प्रकृती पुढे कधी नीट सावरली नाही.

२ जुलै १९५० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता मुंबईच्या ट्रामगाड्या, बसेस आणि आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. गिरण्यांची यंत्रेही थांबली.