तंतुप्रबलित संमिश्रे : आघात आणि ऊर्जाशोषण

इटलीतील मॉन्झा येथे १९८१ साली झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीत जॉन वॉटसन यांची मॅक्लारेन मोटार कठड्यावर आदळली. इंजिन सांगाड्यापासून तुटून वेगळे झाले. वॉटसन मात्र इजा न होता बाहेर पडले. त्यांची बैठक कार्बन तंतूंच्या सांगाड्यात होती. असा सांगाडा या शर्यतीत त्याच वर्षी प्रथम उतरला होता, आणि आघातासरशी त्याचा चुरा होईल, अशी शंका अनेकांना होती. शंका अगदीच निराधार नव्हती. चुरा होतोच, पण ऊर्जा शोषली जाते ती त्या चुऱ्यातच.

पोलादाची नळी टोकाकडून चेपली की तिला घड्या पडतात. धातूच्या या कायमच्या वाकण्यात आघाताची ऊर्जा खर्ची पडते. कार्बन तंतू व इपॉक्सी रेझिन यांच्या नळीत अशी लवचिकता जवळजवळ नसते. तेथे रेझिनला भेगा पडतात, थर एकमेकांपासून सुटतात, तंतू तुटतात आणि तुकडे परस्परांवर घासतात. या असंख्य बारीक मोडतोडींची बेरीज मोठी भरते : एका किलोग्रॅममागे ५० किलोजूल किंवा त्याहून अधिक. इपॉक्सीऐवजी पीक हे थर्मोप्लास्टिक रेझिन वापरलेल्या नळ्यांनी प्रयोगशाळेत सुमारे १८० किलोजूलांपर्यंत मजल मारली आहे.

मात्र सारी मदार मोड कोठून सुरू होते यावर असते. सपाट टोकाची नळी प्रथम प्रचंड बल पेलते आणि मग मधूनच फुटू शकते. तसे झाले तर ऊर्जा फारशी शोषली जात नाही. म्हणून टोकाची कड सुमारे ४५ अंशांत तासतात. मोड त्या निमुळत्या कडेपासून सुरू होऊन क्रमाक्रमाने पुढे सरकते. ॲरामिड तंतू धातूसारखे घड्या घालतात. तुकडे विखुरू नयेत म्हणून ते कार्बनच्या जोडीला घेतात.

हलका आघात अधिक फसवा. आपल्या किनाऱ्यावरील फायबरची होडी खडकाला घासली, तर वर जेमतेम ओरखडा दिसतो, आत मात्र थर सुटलेले असू शकतात. नाण्याने हलकेच ठोकून पाहावे : धड भागातून खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या भागातून बद्द. बद्द आवाजाची जागा खडूने आखून घ्यावी आणि दुरुस्तीपूर्वी तेवढा भाग धड थर लागेपर्यंत कापून काढावा.