कार्ड आपला क्रमांक सांगू लागलं तेव्हा

आजचा प्रश्न साधा दिसतो. संगणकात कोणतं ग्राफिक्स कार्ड बसवलंय, हे खोकं न उघडता कसं ओळखायचं? लिनक्सवर आपण कमांड लाइनवर 'एलएसपीसीआय' टाइप करतो आणि यादी समोर येते. पण हे उत्तर देतं कोण? आणि त्यावर विश्वास का ठेवायचा? हा प्रमाणशास्त्राचाच प्रश्न आहे.

थोडं मागे जाऊ. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यात कार्डं बसवायची जी व्यवस्था होती, ती पुढे आयएसए म्हणून ओळखली गेली. कार्डाने स्वतःची ओळख सांगावी, अशी सोय मूळ आयएसएमध्ये नव्हती. मग लिनक्सवर 'सुपरप्रोब'सारखे प्रोग्रॅम चिपमध्ये इथेतिथे वाचून-लिहून बघत आणि प्रतिसादावरून तिची जात ठरवत. म्हणजे अनुमान, धूर दिसला, तेव्हा अग्नी असणार! फक्त इथे धूर काढायला आधी काडी ओढावी लागे. भलत्या जागी हात पडला, तर संगणक जागच्या जागी गोठायचा.

१९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणलं आणि चित्र बदललं. प्रत्येक उपकरणात माहितीसाठी २५६ बाइटची जागा ठरली. पहिल्या दोन बाइटमध्ये कंपनीचा क्रमांक, पुढच्या दोनमध्ये उपकरणाचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा! एनव्हिडियाचा १०डीई, एटीआयचा १००२. शिवाय वर्गाचाही आकडा असतो. ०३ म्हणजे चित्र दाखवणारं उपकरण.

आणि गंमत बघा. जागा रिकामी असेल, तर वाचताना सगळे बिट १ येतात. म्हणून तो क्रमांक कुठल्याच कंपनीला देत नाहीत. भाट्ट मीमांसकांची 'अनुपलब्धी' ती हीच की! नसणंसुद्धा रीतसर कळतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. कार्ड फक्त क्रमांक सांगतं, नाव नाही. एलएसपीसीआय हे चेक प्रोग्रॅमर मार्टिन मारेश यांचं काम. ते क्रमांक वाचतं आणि एका यादीत नाव शोधतं. ती यादी जगभरच्या लोकांनी माहिती पाठवून वाढवलेली आहे. कार्ड नवं आणि आपली यादी जुनी असेल, तर नावाऐवजी नुसता आकडा दिसतो. म्हणून '-एनएन' जोडावं. नाव आणि क्रमांक शेजारी-शेजारी दिसतात.

दुसरी खाच अशी. पुष्कळजण यादीत फक्त 'व्हीजीए' हा शब्द शोधतात. व्हीजीए हे आयबीएमचं १९८७ चं मानक. पण काही लॅपटॉपमध्ये दोन चिप असतात, आणि ताकदीची चिप 'थ्रीडी कंट्रोलर' या वेगळ्या वर्गात नोंदलेली असते. ती या शोधातून निसटते आणि आपण म्हणतो, कार्डच नाही!

तेव्हा हे ज्ञान कसलं? प्रत्यक्ष नव्हे, शब्दप्रमाण. आणि शब्दप्रमाणात वक्ता आप्त हवा, म्हणजे विश्वासार्ह. जुन्या कार्डाचं फर्मवेअर बदलून ते नव्या, महागड्या नावाने विकण्याचे प्रकार घडलेले आहेत. तिथे यंत्र खोटंच बोलतं, आणि यादी इमानदारीने त्या खोट्याला नाव देते! म्हणून वापरलेलं कार्ड विकत घेताना आधी क्रमांक वाचावा, मग कार्ड कामाला लावून बघावं, आणि जमलं तर चिपवरचं छापील नावही बघावं. साक्षी तीन झाल्या, की मगच पैसे मोजावेत.